अटलांटिक व्यापार, गुलामगिरी आणि बदलता युरोप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधराव्या ते अठराव्या शतकात साखर, तंबाखू, कॉफी आणि कापूस यांच्या व्यापाराने युरोपचे रूप पालटले, हे शालेय पुस्तकांपासून आपण वाचत आलो आहोत. हा माल कोणाच्या श्रमातून आला आणि त्या श्रमाने युरोपातील समाज आतून कसा बदलला, या प्रश्नांची उत्तरे मात्र मराठीत क्वचितच एकत्र सापडतात. पुढील उत्तरे त्यासाठी आहेत.

हा व्यापार सुरू कोठे झाला?

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरील लागोस बंदरात ऑगस्ट १४४४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली २३५ माणसे उतरवण्यात आली आणि उघड्या मैदानात त्यांची वाटणी झाली. राजपुत्र हेन्रीला त्यातला पाचवा हिस्सा मिळाला. झुरारा नावाच्या दरबारी बखरकाराने या दिवसाचे वर्णन लिहून ठेवले असून, वाटणी करताना आईपासून मूल आणि भावापासून भाऊ कसा तोडला गेला, हेही त्यात आहे. ही बखर राजपुत्राच्या गौरवासाठी लिहिलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यात उमटलेल्या या आक्रोशाचे मोल कळते.

सुरुवातीला ही माणसे लिस्बन आणि स्पेनमधील शहरांत विकली जात. पुढे मदेरा आणि साओ तोमे या बेटांवर पोर्तुगिजांनी उसाचे मळे उभे केले आणि तेथे गुलामांच्या श्रमावर साखर काढण्याची जी पद्धत बसली, तीच समुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये आणि नंतर कॅरिबियन बेटांवर गेली. अमेरिकेतील मूळ रहिवासी देवीच्या साथीने, युद्धांनी आणि वेठबिगारीने लाखोंच्या संख्येने मेल्यावर स्पेनच्या राजसत्तेने आफ्रिकेतून माणसे नेण्याचे परवाने आणि पुढे ठेके द्यायला सुरुवात केली. १७१३च्या उत्रेख्तच्या तहात ब्रिटनने हा ठेका तीस वर्षांसाठी मिळवला आणि तो मोठा राजनैतिक विजय मानला गेला.

एकूण किती माणसे नेण्यात आली?

जहाजांच्या नोंदी एकमेकींशी ताडून इतिहासकारांनी केलेल्या अंदाजानुसार सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १८६६पर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख माणसे जिवंत उतरली. म्हणजे अठरा लाखांच्या आसपास माणसे समुद्रातच गेली. पकडल्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर किंवा किनाऱ्यावरच्या कोठड्यांत जी मेली, ती या हिशेबात नाहीत.

पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या जहाजांनी सर्वाधिक म्हणजे सुमारे ५८ लाख माणसे वाहिली. ब्रिटिश जहाजांनी ३२ लाखांहून अधिक आणि फ्रेंच जहाजांनी सुमारे १४ लाख. एकट्या अठराव्या शतकात ६५ लाखांच्या घरात माणसे नेली गेली, म्हणजे ज्या शतकाला आपण युरोपच्या प्रबोधनाचे शतक म्हणतो, तेच या व्यापाराच्या भरभराटीचे शतक आहे. गुलामगिरी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील कापसाची शेते येतात. प्रत्यक्षात आजच्या अमेरिकी संघराज्याच्या भूमीवर थेट आफ्रिकेतून उतरलेल्यांची संख्या चार लाखांहून कमी होती आणि एकट्या ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख माणसे उतरली.

आफ्रिकेतील राजांनीच माणसे विकली, हे खरे आहे का?

पुष्कळ अंशी खरे आहे, परंतु ते अर्धेच उत्तर आहे. हिवतापामुळे आणि स्थानिक सत्तांच्या बळामुळे युरोपियन व्यापारी बहुधा किनाऱ्यावरील किल्ल्यांत किंवा जहाजांवरच राहत आणि दाहोमे किंवा असांते यांसारखी राज्ये युद्धकैदी त्यांच्या हवाली करत. विकणारे आपल्या माणसांना विकत आहोत असे मानत नव्हते, कारण एका राज्याच्या दृष्टीने दुसऱ्या राज्याचा कैदी परकाच होता. ‘आफ्रिकन’ ही एकत्र ओळख तेव्हा नव्हतीच. मात्र मागणी वाढली, तिच्याबरोबर बंदुका आणि दारूगोळा आला, आणि ज्याच्याकडे बंदुका नाहीत तो स्वतः पकडला जाणार हे भय पसरले. काँगोचा राजा अफोन्सो पहिला याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रे लिहून, व्यापारी आमच्या प्रजेला, सरदारांच्या मुलांनाही पकडून नेत आहेत आणि देश ओस पडत आहे, अशी तक्रार केली होती. ती पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांनी व्यापार थांबला नाही.

मलिक अंबरही गुलाम होता. मग आपल्याकडील हबशी गुलाम आणि अटलांटिकमधील गुलाम यांत फरक काय?

हा प्रश्न मराठी वाचकाला पडणे अगदी स्वाभाविक आहे. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर अनेकदा विकला गेला, अहमदनगरच्या निजामशाहीत पेशवा असलेल्या चंगेजखानाने त्याला विकत घेतले, आणि पुढे तो स्वतः त्या राज्याचा पेशवा झाला. त्याने वसवलेल्या खडकीचेच पुढे औरंगाबाद झाले. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर स्वतःचे राज्य चालवले. गुलामाला लष्करात बढती मिळणे, त्याने मुक्त होणे, सत्तेपर्यंत पोहोचणे ही वाट दख्खनेत उघडी होती. म्हणून ती गुलामगिरी दयाळू होती असे मुळीच नव्हे. पकडून आणलेल्या मुलाचे दुःख दोन्हीकडे सारखेच. दख्खनेत सरदार झालेल्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, घरकामात आयुष्य संपलेल्यांची नाहीत, हेही विसरता येत नाही.

अटलांटिकमध्ये मात्र कायद्याने ती वाटच बंद केली. बार्बाडोसने १६६१ मध्ये गुलामांसाठी वेगळी संहिता केली आणि तिच्या नकला इतर वसाहतींत गेल्या. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये आई गुलाम तर मूलही गुलाम असे ठरवले, त्यामुळे मालकाने गुलाम स्त्रीवर केलेल्या अत्याचारातून जन्मलेले मूलसुद्धा मालकाच्या मालमत्तेत भर घालू लागले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढलेल्या संहितेने गुलामाला जंगम मालमत्ता ठरवले आणि पळून जाणाऱ्याचे कान कापण्यापासून देहदंडापर्यंत शिक्षा नेमून दिल्या. कातडीचा रंग, वंशपरंपरा आणि मालमत्ता या तीन गोष्टी एकाच गाठीत बांधल्या गेल्या त्या या कायद्यांनी. वंशश्रेष्ठत्वाच्या ‘शास्त्रीय’ म्हणवणाऱ्या कल्पना त्यानंतर आल्या. माझ्या मते हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

सर्व पिकांत साखरेलाच एवढे महत्त्व का आले?

ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला याचे निम्मे उत्तर लगेच कळेल. ऊस तोडला की एकदोन दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो. रस निघाला की तो लगेच उकळावा लागतो. आणि कढईतला पाक नेमक्या क्षणी उतरवावा लागतो. म्हणजे तोडणी, चरक, चुलवण आणि कढया हे सर्व एका लयीत, हंगामभर, रात्रंदिवस चालले पाहिजे. शेत आणि कारखाना एकाच ठिकाणी, घड्याळाच्या शिस्तीत चालवण्याचा असा प्रयोग इंग्लंडमधील गिरण्यांच्या कितीतरी आधी बार्बाडोस आणि जमैकामध्ये झाला, आणि तो चाबकाच्या जोरावर झाला. रात्रपाळीत डुलकी लागून चरकाच्या लाटांत हात अडकला तर तो तेथेच तोडता यावा, म्हणून जवळ कुऱ्हाड ठेवलेली असे.

बार्बाडोसमध्ये १६२७ मध्ये इंग्रज वसाहत झाली तेव्हा करारावर आणलेले गरीब गोरे मजूर तेथे तंबाखू आणि कापूस पिकवत होते. १६४०च्या दशकात ऊस आला आणि एका पिढीच्या आत बेटावर आफ्रिकन गुलामांची बहुसंख्या झाली. कॅरिबियनमधील ऊसमळ्यांवर जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत, म्हणून मळेवाल्यांना सतत नवी माणसे विकत घ्यावी लागत. अनेकांनी तर माणूस जगवण्यापेक्षा नवा विकत घेणे स्वस्त पडते असा हिशेबच मांडला होता.

दुसरे निम्मे उत्तर युरोपच्या स्वयंपाकघरात आहे. इंग्लंडमध्ये १७००च्या सुमारास माणशी वर्षाला सुमारे दोन किलो साखर खपत असे; शंभर वर्षांनी हे प्रमाण आठ किलोंच्या आसपास गेले. पूर्वी साखर औषधाच्या दुकानात आणि सरदारांच्या पंगतीत दिसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विणकर आणि शेतमजूर यांच्या घरीसुद्धा चीनहून आलेला चहा आणि कॅरिबियन साखर हे पावाबरोबरचे रोजचे अन्न झाले. गोड, गरम आणि झटपट अंगात तरतरी आणणारे हे पेय दीर्घ कामाच्या दिवसाला सोयीचे होते. त्या कपाच्या एका टोकाला इंग्रज मजूर होता आणि दुसऱ्या टोकाला जमैकातला गुलाम, आणि दोघांचा दिवस दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेला होता.

‘त्रिकोणी व्यापार’ म्हणजे काय, आणि त्यात भारत कोठे येतो?

युरोपातून माल आफ्रिकेत, आफ्रिकेतून माणसे अमेरिकेत आणि अमेरिकेतून साखर, तंबाखू व कॉफी युरोपात, असे तीन टप्प्यांचे चित्र पुस्तकांत दिलेले असते. ते ढोबळ आहे. ब्राझीलची अनेक जहाजे थेट आफ्रिकेत जाऊन परत येत, आणि साखरेचा मोठा भाग वेगळ्याच जहाजांतून युरोपात जाई. शिवाय या त्रिकोणाला चौथा कोपरा होता, तो हिंदी महासागरात.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात सर्वांत मोठा वाटा कापडाचा होता, आणि त्यात गुजरात, चोळमंडल आणि बंगालमधील सुती कापड अग्रभागी होते. आफ्रिकेतील गिऱ्हाईक चोखंदळ होते. रंग धुण्यात टिकतो का, पोत कसा आहे, हे ते पाहून घेत आणि युरोपातील नकला बराच काळ नाकारत. पुद्दुचेरीकडील निळ्या कापडाला फ्रेंच व्यापारी आफ्रिकेतील गिनी किनाऱ्याच्या नावानेच ओळखत. इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी भारतीय रंगीत कापड देशात वापरण्यावर बंदी घातली, मात्र ते पुन्हा निर्यात करायला मुभा ठेवली, आणि त्यातला बराच माल आफ्रिकेकडे वळला. आफ्रिकेतील बाजार मिळवण्यासाठी भारतीय कापडाशी बरोबरी करण्याची जी धडपड इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात सुरू झाली, ती पुढे तेथील सूतगिरण्यांपर्यंत गेली.

दुसरी वस्तू कवडी. मालदीवच्या समुद्रातून निघालेल्या कवड्या श्रीलंका आणि बंगालमार्गे डच व इंग्रज जहाजांत वजन समतोल ठेवण्यासाठी भरल्या जात, अॅमस्टरडॅम आणि लंडनमध्ये लिलावाने विकल्या जात आणि तेथून पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून जात. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण क्षुल्लक किमतीसाठी वापरतो. बेनिनच्या आखातात त्याच कवड्यांच्या राशी मोजून माणसे विकत घेतली गेली.

गोव्याचा दुवा अधिक थेट आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच गृहस्थाने तेथील भर रस्त्यात होणाऱ्या लिलावांचे वर्णन केले असून त्यात मोझांबिककडून आणलेल्या माणसांची विक्रीही आहे. गोव्याहून परतणारी पोर्तुगीज जहाजे ब्राझीलमधील साल्व्हादोर बंदरात थांबत आणि भारतीय कापड तेथून अंगोलाच्या गुलामबाजारापर्यंत पोहोचे. याच साम्राज्याच्या जहाजांतून बटाटा, काजू आणि अननस हे पदार्थ आणि त्यांची नावेही अमेरिकेतून निघून पोर्तुगिजांच्या तोंडून मराठीत आली.

युरोपातील शहरे आणि समाजवर्ग यांत कोणते बदल दिसतात?

लिव्हरपूल हे १७०० मध्ये काही हजार वस्तीचे गाव होते. तेथे १७१५ मध्ये बंदिस्त गोदी बांधली गेली, शतकाच्या उत्तरार्धात ते युरोपातील सर्वांत मोठे गुलामव्यापारी बंदर झाले, आणि १८०१च्या जनगणनेत त्याची वस्ती पाऊण लाखाच्या पुढे होती. नगरभवनाच्या दर्शनी पट्टीवर आफ्रिकन चेहरे आणि हत्ती कोरलेले आहेत. शहराला आपल्या संपत्तीचा उगम लपवावासा वाटत नव्हता. फ्रान्समधील नांत बंदरातही व्यापाऱ्यांच्या हवेल्यांवर तसेच चेहरे आजही दिसतात.

सर्वांत ठळक बदल वरच्या वर्गात झाला. जमिनीवर आणि जन्मावर उभ्या असलेल्या प्रतिष्ठेत मळ्यांचा आणि जहाजांचा पैसा शिरला. जमैकात मळे असणारा विल्यम बेकफर्ड दोनदा लंडनचा महापौर झाला, संसदेत बसला आणि इंग्रजांच्या स्वातंत्र्याचा खंदा कैवारी म्हणून नावाजला गेला. त्याच्या मळ्यांवर हजारांहून अधिक गुलाम राबत होते. कॅरिबियन मळेवाल्यांचा संसदेतील गट दीर्घकाळ इतका प्रबळ होता की साखरेवरील कर आणि युद्धातील बेटांचे तह त्याला विचारून ठरत. विचारवंतही यातून सुटले नाहीत. माणसाच्या नैसर्गिक हक्कांची मांडणी करणाऱ्या जॉन लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले होते.

खालच्या थरात हे बदल कमी दिसतात, पण दूरवर पोहोचतात. मध्य युरोपातील सायलेशिया आणि फ्रान्समधील ब्रिटनी येथील खेड्यांतले विणकर गुलामांच्या अंगावरचे जाडेभरडे कापड विणत होते, बर्मिंगहॅमचे कारागीर बंदुका बनवत होते, स्वीडनचे लोखंड आफ्रिकेत चलनासारखे वापरले जात होते, व्हेनिसमध्ये काचमणी घडत होते. यांतील बहुतेकांनी आयुष्यात समुद्रही पाहिला नसेल. गुलामांच्या जहाजांवरील खलाशांचे मृत्यूही फार होते. सुमारे पाचातला एक परत येत नसे.

विमा आणि बँका यांचा यात काय भाग होता?

एका फेरीला वर्षसव्वावर्ष लागे, जहाज बुडू शकत असे, माल म्हणजे माणसे असल्यामुळे बंड होऊ शकत असे, आणि मळेवाला किंमत रोख न देता लांब मुदतीच्या हुंड्यांनी चुकवत असे. हा सर्व काळ पैसा अडकलेला. त्यामुळे जोखीम वाटून घेणारे आणि हुंड्या वटवणारे लोक या व्यवहाराला अत्यावश्यक झाले. लंडनमधील लॉइड यांच्या कॉफीगृहात जमणाऱ्या जहाजमालकांतून आणि विमेकऱ्यांतून पुढे जगप्रसिद्ध विमाबाजार उभा राहिला.

या हिशेबाचे टोक १७८१ मध्ये दिसले. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या झाँग या जहाजावरून, पिण्याचे पाणी कमी असल्याचे कारण सांगून, १३०हून अधिक जिवंत माणसांना समुद्रात फेकण्यात आले आणि मालकांनी माणशी ३० पौंड विमाभरपाई मागितली. १७८३ मध्ये हे प्रकरण न्यायालयात गेले ते विम्याचा दावा म्हणून, आणि पहिल्या सुनावणीत ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. सरन्यायाधीश मॅन्सफील्ड यांनी फेरसुनावणीला परवानगी दिली. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही.

औद्योगिक क्रांती गुलामांच्या पैशावर झाली का?

त्रिनिदादचे इतिहासकार एरिक विल्यम्स यांनी १९४४ मध्ये हे मत ठामपणे मांडले आणि तेव्हापासून वाद थांबलेला नाही. विरोधकांचे म्हणणे असे की गुलामांच्या फेऱ्यांवरील सरासरी नफा वर्षाला आठदहा टक्क्यांच्या आसपास होता आणि ब्रिटनच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने तो लहान होता. हे आकडे मान्य केले तरी मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही, कारण तो फक्त माणसे विकण्याचा नफा मोजतो. साखर, कॉफी आणि तंबाखू यांवर सरकारला मिळालेले जकात-उत्पन्न, मळ्यांना पुरवलेला माल, जहाजबांधणी, विमा आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळालेला, आधी कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये आणि नंतर अमेरिकेत गुलामांनी पिकवलेला कापूस, हे सर्व एकत्र धरले की चित्र बदलते. कोळसा, यंत्रविद्या आणि इंग्लंडमधील शेतीतले बदल यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

खुद्द युरोपच्या भूमीवर गुलाम होते का?

होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास लिस्बनच्या सुमारे एक लाख वस्तीत दहा टक्के लोक गुलाम होते. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये मळेवाले घरकामासाठी गुलाम घेऊन येत, तेव्हा कायद्याची मोठी अडचण होई, कारण आमच्या भूमीवर पाय ठेवताच माणूस मुक्त होतो असे फ्रान्समध्ये सांगितले जात होते. लंडनमध्ये मालकापासून पळालेल्या जेम्स सॉमरसेट याला पकडून जमैकाकडे निघणाऱ्या जहाजात डांबले गेले, तेव्हा १७७२ मध्ये मॅन्सफील्ड यांनी त्याला बळाने देशाबाहेर नेता येणार नाही असा निर्णय दिला. गुलामगिरी त्याने रद्द झाली नाही, तरी लंडनमधील कृष्णवर्णीय समाजाने तो दिवस साजरा केला.

विरोध कोणी केला आणि तो यशस्वी कसा झाला?

सर्वांत आधी आणि सर्वांत सातत्याने विरोध गुलामांनीच केला. जहाजांवर बंडे झाली, जमैकाच्या डोंगरांत पळालेल्यांनी वस्त्या केल्या, आणि ऑगस्ट १७९१ मध्ये सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, जेथे सुमारे पाच लाख गुलाम होते, मळे पेटले. त्या उठावामुळे फ्रान्सला १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा लादली. आणि १ जानेवारी १८०४ रोजी ही वसाहत हैती या नावाने स्वतंत्र राष्ट्र झाली. मे १७८७ मध्ये लंडनमध्ये बारा जणांनी, ज्यांत बहुसंख्य क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, व्यापारबंदीसाठी समिती स्थापली. पूर्वी स्वतः गुलाम असलेल्या ओलाउदा इक्वियानो यांनी १७८९ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले आणि गावोगाव जाऊन सभा घेतल्या. झाँगची बातमी कार्यकर्त्यांपर्यंत नेणारेही तेच.

संसदेने १७९१ मध्ये विधेयक फेटाळल्यावर हजारो कुटुंबांनी कॅरिबियन साखर सोडली. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रिया घरची खरेदी करत असल्यामुळे या बहिष्काराचे बळ त्यांच्या हाती होते. काही घरांत ‘ही साखर ईस्ट इंडीजची, गुलामांनी न बनवलेली’ असे लिहिलेली भांडी ठेवली जात, म्हणजे बंगालची साखर वापरली जाई. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला.

गुलामगिरी संपल्यावर भरपाई कोणाला मिळाली?

मालकांना. गुलामगिरी रद्द करणाऱ्या ब्रिटनच्या १८३३च्या कायद्याने दोन कोटी पौंड, म्हणजे सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के रक्कम, मालकांत वाटली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. उलट १८३८पर्यंत त्यांना ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊ कामगारीच्या, नावाखाली जुन्याच मालकांकडे विनामोबदला राबावे लागले. हैतीकडून तर फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँकची मागणी केली, जी पुढे ९ कोटींवर आणली गेली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील भारताला १८३३च्या कायद्यातून वगळण्यात आले होते. येथील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ मध्ये काढून घेण्यात आली. दरम्यान ऊसमळ्यांना मजूर हवेच होते, म्हणून १८३४ पासून मॉरिशसकडे आणि १८३८ पासून कॅरिबियनकडे करारबद्ध भारतीय मजूर जाऊ लागले. त्यांतील काही मुंबई बंदरातून निघालेले मराठी भाषक होते, आणि मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे तो मुख्यतः त्यांच्याच वंशजांचा आहे.